डाव्या हाताचं पेन

कळंबच्या कुशाबांच्या घरात लग्नपत्रिकांवर नावं घालायचं काम सावळेरामकाकांचं. शहाण्णव साली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि भरतच्या लग्नाच्या पत्रिका कोऱ्याच पडून राहिल्या. घरात दुसरं वळणदार अक्षर एकच, भरतच्या धाकट्या बहिणीचं. पण शीला डावरी. पहिली पत्रिका खंडोबाची, आणि देवाचं नाव डाव्या हातानं घालायचं हे बयाआत्याला ऐकवेना.

शीलाने बारावीपर्यंतचे सगळे पेपर डाव्याच हातानं लिहिले होते. दाद देत नव्हती ती शाई. पेनामागोमाग तिचा हात ओल्या अक्षरांवरून सरकायचा आणि ओळ पुसत न्यायचा. करंगळीखालची कड कायम निळी. बॉलपेननं भागलं असतं, पण देवाची पत्रिका शाईनंच लिहायची, ही घराची रीत.

शेवटी काकांनी सांगितलं, खंडोबाच्या नावातलं एक अक्षर जरी फासटलं तरी सगळ्या पत्रिका शाळेतल्या मास्तरांकडे लिहायला जातील. शीलाने मान्य केलं. पेन मात्र तीच निवडणार होती.

मंचरच्या दुकानात ती भरतबरोबर गेली, सोबत एक जादाची गुळगुळीत पत्रिका घेऊन. दुकानदार प्रत्येक पेनानं आधी स्वतःची झोकदार सही करायचा आणि लोण्यासारखं चालतंय म्हणून पुढे करायचा. तेच पेन तिच्या हातात आलं की बिथरायचं. जाड निबची शाई वाळायचं नाव घेईना. बारीक निब अक्षरापर्यंत ठीक, पण वरची रेघ मारताना कागदात रुतायची. उजवा हात ती रेघ ओढतो. तिला ती ढकलावी लागे. काउंटरवर पेनांची रास झाली.

“ताई, उजव्या हातानं बघा की. पेनात खोट न्हाई.”

“माझ्या हातात बी न्हाई,” शीला म्हणाली. “दुसरं दाखवा.”

भरत ओशाळून रस्त्याकडे बघत राहिला.

खोक्याच्या तळाशी एक साधं काळं पेन निघालं. तिने पत्रिकेवर भरतचं नाव लिहिलं, वरून रेघ ढकलली. निब कुठे अडली नाही. हाताची कड मुद्दाम नावावरून फिरवली. अक्षर जागचं हललं नाही. लई बारीक उठतंय, पत्रिकेवर शोभायचं नाही, असं दुकानदार म्हणाला. तिने टोपण लावून पेन उचललं.

संध्याकाळी ती देवासमोर बसली. पत्रिका तिरकी धरली, हात ओळीच्या खाली ठेवला.

“त्या हातानं देवाला द्यायचं असतं का काही?” आत्या दारातून म्हणाली.

“देणार उजव्यानंच, आत्या. लिहिणार ह्यानं.”

तिने लिहिलं. काकांनी पत्रिका डोळ्यांशी नेली, नावावरून अंगठा ओढला आणि तो उजेडात धरून पाहिला. मग सगळा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. शीलाने पत्रिकेला हळदकुंकू लावलं, उजव्या हातानं ती देवापुढे ठेवली आणि पेन परत डाव्या हातात घेतलं.

“माझ्या सासरची नावं तरी उजव्यानं घाल,” आत्या म्हणाली.

“मग त्या पत्रिका कोऱ्याच जातील. नावं सांगा.”

आत्या उंबरा ओलांडून आत आली. भिंतीला टेकली आणि थोरल्या दिरापासून एकेक नाव सांगू लागली.