खुंटावरची गाठ

बोट निघण्यापूर्वी नलिनीताई सगळं मोजत. दोर दोन, कालव्याचे दरवाजे उघडायची हँडलं दोन, माणसं सहा. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्या सिस्टर होत्या आणि मी सर्जन. गॉजचे तुकडे मोजून झाल्याशिवाय मला पोट शिवू देत नसत. म्हणत, "डॉक्टर, शिवायला तुम्ही, मोजायला मी."

त्या गेल्यावरही इथे, लंडनजवळच्या पिनरमध्ये, कोणी कोणी त्यांना 'बोट कलंडवणाऱ्या बाई' म्हणतं. म्हणून हे लिहितो आहे.

दोन हजार सालानंतर, निवृत्त झाल्यावर, आम्ही सहाजण दर उन्हाळ्यात कालव्यावरची लांबट बोट आठवडाभर भाड्याने घ्यायचो. सुकाणू नलिनीताईंकडे. कोणी घाई केली की विचारायच्या, "पुढे काय बस सुटतेय?"

एका लॉकमध्ये, म्हणजे दोन दरवाज्यांमधल्या अरुंद हौदात, पाणी सोडून बोट खाली उतरवायची होती. मी काठावर दोर घेऊन उभा. "खुंटाला नुसता वळसा द्या आणि सैल सोडत जा. बांधू नका," त्यांनी बजावलं. पण मला नव्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढायचा होता. मी गाठ मारली. पाणी उतरलं, बोट दोराला लटकून कलली. आत आमच्यातले वसंतराव पडले, त्यांचं मनगट मोडलं. नलिनीताईंनी सुरीने दोर कापला, तेव्हा बोट सरळ झाली.

"बाईच्या हाती सुकाणू दिलं की हे असं," वसंतराव कण्हत म्हणाले.

मी गप्प राहिलो. पुढच्या वर्षी सुकाणू माझ्याकडे आलं. नलिनीताई पुढच्या टोकाला बसून मटार सोलू लागल्या. अशी पाच वर्षं गेली.

सहाव्या उन्हाळ्यात मिल्टन कीन्सजवळ बोटीत चढताना वसंतराव म्हणाले, "सिस्टर, सुकाणूपासून लांब राहा बरं का." त्या हसल्या. ते हसणं मला सोसवेना.

"वसंतराव, त्या दिवशी दोर मी बांधला होता. त्यांनी नको म्हटलं असताना," मी सगळ्यांदेखत सांगितलं.

"मला माहीत आहे," नलिनीताई म्हणाल्या. "कापल्यावर खुंटावर राहिलेला तुकडा मीच सोडवला. तुमची गाठ मी वीस वर्षं रोज बघितलीये, डॉक्टर."

"मग बोलला का नाहीत?"

"सर्जनची चूक सर्जननेच सांगावी. वाट बघत होते. वेळ मात्र भरपूर लावलात."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. वसंतरावांनी बाजूला होऊन त्यांना सुकाणूकडे वाट दिली.

दिवसभर त्या सुकाणूवरून हलल्या नाहीत. जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, "ताट इकडेच पाठवा."