मामांचं पान आणि विद्यापीठाचं वायरलेस

आमच्या मामासासऱ्यांइतका सभ्य माणूस कावेरीच्या अख्ख्या खोऱ्यात सापडायचा नाही, आणि सभ्यपणाने दुसऱ्याला जितकं लाजवता येतं तितकं असभ्यपणाने कधीच येत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. मी मूळचा साताऱ्याचा. कॉम्प्युटरची नोकरी लागली ती थेट तंजावरच्या विद्यापीठात, आणि पुढे इथल्याच मराठी घरातली मुलगी केली. मला वाटलं, चला, परमुलखात सासुरवाडी तरी मराठी मिळाली, बोलायची सोय झाली. कसली सोय! पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या या मंडळींचं मराठी माझ्या खापरपणजोबांना समजलं असतं, मला नाही. वर त्याला तमिळ हेल. पहिलं वर्षभर मी नुसता हसून मान डोलवत होतो. त्यातल्या त्यात माझ्याशी सावकाश बोलायचे ते मामा, म्हणजे बायकोचे सख्खे मामा. आमच्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, विधुर, राजवाड्यामागच्या गल्लीत एकटे राहणारे. उंच, काटकुळे, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, आणि चेहऱ्यावर सदैव आपण कुणाला तरी अडचण करतो आहोत असा भाव.

कुणाच्याही दारात गेले की आतून ‘या’ असं ऐकू आल्याशिवाय मामा उंबरा ओलांडायचे नाहीत. एकदा आम्ही नवरा-बायको मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो आणि हे पुढे उन्हात उभे, दार सताड उघडं. घामाने निथळत होते. आत का आला नाहीत म्हणून विचारलं तर म्हणाले, “कोणी या म्हणालं नाहीं.” पोस्टाच्या रांगेत मागच्याला पुढे सोडता सोडता खिडकी बंद व्हायची, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. बसमध्ये जागा मिळाली तर शेजारच्याची परवानगी घेऊन बसायचे आणि उतरताना त्याला सांगून उतरायचे. बायको म्हणायची, किती गोड आहेत नाही मामा. गोड होतेच. पण त्यांच्याबरोबर बसमधून उतरून पाहावं, म्हणजे कळेल.

विद्यापीठात वायरलेस नवीन आलं, आणि मामांच्या सभ्यपणाला एकदम मोकळं रान मिळालं. आमच्या गल्लीबोळांत तेव्हा इंटरनेटसाठी अर्ज करून लोक महिनोन्‌महिने वाट बघत होते. विद्यापीठात मात्र खांबाखांबांवर पांढऱ्या डब्या बसल्या होत्या. ज्याला आपलं मशीन जोडायचं असेल त्याने ते आमच्या कॉम्प्युटर केंद्रात आणायचं, आम्ही त्याचा नंबर नोंदवून घ्यायचो, एक नाव आणि पासवर्ड द्यायचो, झालं. लोक यायचे, जोडून घ्यायचे, पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. निवृत्त प्राध्यापकांनाही ही सवलत होती, तेव्हा मामाही आले. भाच्याने अमेरिकेहून आणून दिलेला लॅपटॉप त्यांनी उपरण्यात गुंडाळून तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता. मी सगळं करून दिलं. मामांनी विचारलं, “हें जें हवेंतून येतं तें कोणाचं?” मी म्हटलं, विद्यापीठाचं. “पण देतांत तुम्ही.” मी घाईत होतो. म्हटलं, हो, मीच देतो म्हणा ना.

हे वाक्य मला फार महागात पडलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठ वाजता मामा आमच्या केंद्राच्या दारात, चपला बाहेर काढून उभे. आत सगळी तमिळ मंडळी आपापल्या मशीनसमोर बसलेली, आणि मामा खणखणीत आवाजात विचारत, “माप्पिळ्ळै, जोडूं कीं?” माप्पिळ्ळै म्हणजे जावई. तमिळनाडूत हा शब्द कळत नाही असा माणूस नाही. मी ‘जोडा’ म्हणेपर्यंत ते हलायचे नाहीत. आणि तासाभराने पुन्हा येऊन, “सोडलं बरें का,” असं सांगून जायचे. मी परोपरीने सांगितलं की विचारायची गरज नाही, ते आपोआप जोडलं जातं. त्यावर मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी त्यांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायला सांगतो आहे. महिन्याभरात सगळं केंद्र मला ‘माप्पिळ्ळै सार’ म्हणू लागलं. शिपाईसुद्धा.

पण नुसतं विचारून भागलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. खरी लाज पुढेच होती. मामा हे सगळं करत होते ते त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी. तिला ते अक्का म्हणत. माझ्या बायकोची थोरली मावशी. मावशी मुलाकडे अमेरिकेत होत्या आणि त्यांना हळूहळू विसर पडत चालला होता. इंग्रजी गेलं, तमिळ गेलं, सून कोण ते गेलं. राहिलं फक्त घरचं मराठी आणि लहानपणापासूनचा एक नेम: धाकटा भाऊ पानावर बसल्याखेरीज आपण घास घ्यायचा नाही. तिकडे संध्याकाळचं ताट पुढे आलं की मावशी विचारायच्या, “तो बसला कीं?” बसलाय म्हणून सांगितलेलं त्यांना पटायचं नाही, डोळ्यांनी बघायचा असायचा. मुलगा रडकुंडीला आला होता. वजन उतरत चाललं होतं, डॉक्टर नळीने भरवायच्या गोष्टी बोलत होते. शेवटी भाच्याने लॅपटॉपवर समोरासमोर बोलायची सोय काढली, आणि तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, म्हणून मामा रोज सकाळी आठ वाजता विद्यापीठात येऊन जेवू लागले.

जेवू लागले म्हणजे सगळं साग्रसंगीत. वनस्पतिशास्त्राच्या इमारतीबाहेर करंजाखाली एक दगडी बाक आहे, तिथे डबीचा सिग्नल सगळ्यात चांगला. मामा त्या बाकाच्या एका टोकाला लॅपटॉप ठेवायचे, दुसऱ्या टोकाला केळीचं पान मांडायचे, डब्यातून भात, रसम, आमटी, पापड काढायचे, आणि सदरा उतरवून उघड्या अंगाने, खांद्यावर उपरणं टाकून मांडी घालायचे. सदरा घालून पानावर बसलेला भाऊ मावशींनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पान रिकामं ठेवूनही चालायचं नाही. एकदा मामांचं पोट बिघडलं होतं म्हणून त्यांनी नुसता पापड वाढून घेतला, तर मावशी तिकडून म्हणाल्या, “भात कोठें रे?” मुलींच्या वसतिगृहाकडे जाणारा रस्ता नेमका त्या बाकासमोरून. मुली तोंडावर ओढणी धरून जायच्या. नवीन आलेले पोरगे थांबून बघायचे. आणि मामा उघडेबंब, मोठ्या आवाजात विचारत, “अक्का, पडवळ घेतलेंस कीं गे?” मी कितीतरी दिवस ग्रंथालयाला वळसा घालून कामावर येत होतो. एकदा त्या भागातून सिग्नल मिळत नाही अशी तक्रार आली, माणूस पाठवला, तो परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, “माप्पिळ्ळै सार, डबीवर तुमच्या मामांचा ओला पंचा वाळत घातलाय.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग ते पासवर्डचं प्रकरण. आमच्या मुख्य बाईंनी मला एक दिवस आत बोलावलं. शांत बाई, कधी आवाज चढवायच्या नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. एका निवृत्त प्राध्यापकाच्या नावावर वसतिगृहाच्या सगळ्या मजल्यांवर रात्रंदिवस सिनेमे उतरत होते. विद्यापीठाचं निम्मं वायरलेस तो एक माणूस खात होता. “तुमचे नातेवाईक ना?” बाईंनी विचारलं. मी मान हलवली. नाही म्हणायची सोयच नव्हती, अख्खं केंद्र मला त्यांच्यामुळेच जावई म्हणत होतं.

मी तरातरा करंजाखाली गेलो. “मामा, पासवर्ड कुणाला सांगितलात?”

“ज्यानें विचारलं त्यास सांगितलं.”

“अहो, तो सांगायचा नसतो. गुप्त असतो.”

“मुलगा समोर येऊन, सार म्हणून, हात जोडून विचारतो. काय सांगूं त्यास? मला ठाऊक नाहीं म्हणून लटकें बोलूं?”

वर त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. आम्ही दिलेला पासवर्ड बदलून त्यांनी करंजाचं लांबलचक लॅटिन नाव ठेवलं होतं. “माझ्या सबंध नोकरीत हें नांव एका मुलानें परीक्षेंत नीट लिहिलं नाहीं,” मामा म्हणाले, “आतां अवघं वसतिगृह न चुकतां लिहितं.” मला हसू आलं असतं, पण माझी नोकरी डोळ्यांसमोर नाचत होती. मी काहीतरी तिरसट बोललो आणि निघालो. त्या संध्याकाळी नियम आला: निवृत्तांची सगळी मशीनं काढून टाका. मामांचं मशीन मीच काढलं.

मामा तक्रार करणारे नव्हेत. दुसऱ्या दिवशी आठ वाजता दारात आले, मी जोडता येणार नाही म्हणून सांगितलं, ते “बरें” म्हणाले आणि पान, डबा, लॅपटॉप घेऊन परत गेले. बाहेर एखाद्या दुकानात बसून बोलता येतंय का ते त्यांनी पाहिलं, पण पोरं खेळ खेळत बसलेल्या त्या खुराड्यात पान मांडायला कोण देणार? माझ्याच मशीनवरून बोला म्हटलं, तर नकोच म्हणाले; कुणाच्या नावावर बसणं त्यांना पटेना. दोन दिवसांनी अमेरिकेहून बायकोला फोन आला. मावशींनी पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि नळीचं ठरत होतं. बायको फोन ठेवून माझ्यासमोरून आत निघून गेली.

मी सकाळी मुख्य बाईंकडे गेलो. इतके दिवस जे सगळ्यांपासून लपवत होतो ते आपल्या तोंडाने सांगायला लागलं: पान, रसम, उघडं अंग, मावशींचा हट्ट, सगळं. माझे कान तापले होते. बाई शेवटी म्हणाल्या, “मशीन जोडा. तुमच्या जबाबदारीवर. पासवर्ड त्यांना सांगायचा नाही. रोज सकाळी तुम्ही स्वतः जाऊन टाकायचा, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत तिथे बसायचं.” मी म्हटलं, तिथे म्हणजे बाकावर? त्या म्हणाल्या, “मग कुठे?”

तेव्हापासून ग्रंथालयाला वळसा घालायचं सुख संपलं. मामा उघडे जेवताहेत आणि शेजारी मी, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, करंजाच्या पानांतून येणारं ऊन पडद्यावर पडू नये म्हणून हातात छत्री धरून बसलेला. पोरं मामांना सोडून मलाच बघायला लागली. मामांना माझी कोण काळजी. रोज म्हणायचे, “तुम्हीही घास घ्या, जावईबापूंस नुसतें बसवून मी जेवूं?” पहिले काही दिवस मी नाही म्हणालो. मग एक दिवस घेतला. रसम चांगलं करायचे मामा. मावशी नीट जेवू लागल्या होत्या, नळीचं कुणी बोलत नव्हतं, आणि मीही छत्री धरता धरता त्या दोघांचं जुनं मराठी समजायला लागलो होतो. पडवळापासून सुरू होऊन ते कधीचे कुठले आंबे, कुठली आजी, कुठला पूर इथपर्यंत जायचं.

आता मावशी नाहीत, मामाही नाहीत. आता सगळ्यांच्या खिशात फोन आहेत आणि तो बाक रिकामाच असतो. पण मला एक सकाळ आठवते. पडद्यावर मावशी आल्या, पुढे ताट होतं. मामांनी नेहमीसारखं, “बसलों गे अक्का,” म्हटलं. मावशी बघत राहिल्या. मग बाजूला वळून मुलाला म्हणाल्या, “हे कोण गृहस्थ?” मुलगा तिकडून घाईघाईने सांगायला लागला, अगं आई, मामा, मामा आहे. मावशी गोंधळल्या, इकडे तिकडे बघायला लागल्या, त्यांचा चेहरा रडवेला झाला. आपल्याला काहीतरी माहीत असायला हवं होतं आणि नाही, एवढं त्यांना कळत होतं. ती लाज मला इथे बसून दिसत होती.

मामांनी हात करून भाच्याला थांबवलं. उपरणं दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलं आणि हात जोडले.

“मी तंजावरचा,” ते म्हणाले. “आपली ओळख नाहीं. एकटाच जेवायला बसलों होतों. तुम्ही बसलांत तर मला सोबत होईल.”

मावशींचा चेहरा सैल झाला. घरी आलेल्या परक्या माणसाशी काय बोलावं ते त्यांना पाठ होतं. “बसा कीं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी घास घेतला. मामांनीही घेतला. मग मावशींनी, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “तुम्हांस बहीण आहे कीं?”

“आहे. थोरली.”

“जेवली कीं ती?”

मामा पडद्याकडे बघत होते. “जेवते आहे,” म्हणाले.

“बरें,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा घास घेतला. मामांनी मान खाली घालून भात कालवायला घेतला, बराच वेळ कालवत राहिले. समोरून कोण येत-जात होतं कुणास ठाऊक, मी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि बसून राहिलो.