तीच पऱ्हाटी

माझ्या मायच्या कपाळावर लाल ठिपका नाचत होता. बाप गेल्यापासून त्या कपाळाला लाल काही लागलं नव्हतं. हा ठिपका मॅडमच्या हातातल्या लेझरचा होता.

अकोल्याच्या एमआयडीसीतली आमची कंपनी. सरकीचं तेल काढणारी. वरच्या मजल्यावरचा हॉल, थंडगार एसी, भिंतभर पडदा. पडद्यावर माय. चुलीपुढे उकिडवी बसलेली, तोंडाला फुंकणी, डोळे अर्धे मिटलेले, मागे पऱ्हाटीचा ढीग. फोटोखाली ठळक अक्षरांत ओळ होती : 'समस्या – अज्ञानातून होणारे प्रदूषण'.

"ही बघा," मॅडम म्हणाल्या. "आपण इथे कार्बन मोजतोय, आणि ही बाई रोज सकाळ-संध्याकाळ तो हवेत फुंकतेय."

साहेब लोक हसले. मोठ्याने नाही, चांगल्या घरची माणसं हसतात तसं. एक जण म्हणाला, "फुंकणीवर टॅक्स लावा." मग जरा मोठ्याने हसले.

लॅपटॉपवर मी बसले होते. मॅडम माझ्या वरिष्ठ, स्लाइड बदलायचं काम माझं. मॅडम म्हणाल्या, "नेक्स्ट." मी बटण दाबलं. माझ्याच बोटाने मी मायला पुसलं. पुढच्या स्लाइडवर आमचा बॉयलर होता, हिरव्या रंगात रंगवलेला. खाली लिहिलं होतं : 'उपाय'.

ती माझी माय आहे हे हॉलमधल्या बाकी कोणाला माहीत नव्हतं. मॅडमना माहीत होतं. त्या आमच्या घरी येऊन गेल्या होत्या.

कंपनीनं त्या वर्षी आपला कार्बन फूटप्रिंट मोजून घेतला होता. म्हणजे बॉयलरचा कोळसा, वीज, ट्रकांचं डिझेल मिळून कंपनी हवेत काय काय सोडते, त्याची मोजणी. मोजलं की कमी करून दाखवावं लागतं, नाहीतर बाहेरची मोठी गिऱ्हाइकं तेल घेत नाहीत. कमी करायची योजना अशी ठरली, की कोळसा बंद आणि त्याच्या जागी पऱ्हाटी जाळायची. कपाशीची वाळकी झाडं. गावागावातून उचलायची, दळून त्याच्या कांड्या करायच्या, बॉयलरात घालायच्या. ती दरवर्षी शेतात उगवते, म्हणून तिचा कार्बन कंपनीच्या हिशोबात धरत नाहीत. अहवालात पऱ्हाटीला शब्द होता 'शेतातला टाकाऊ कचरा'. हे सगळं सोप्या मराठीत लोकांना समजावून सांगायचं काम माझं. त्यासाठीच मला ठेवलं होतं, एकेका वर्षाच्या करारावर.

टाकाऊ! आमच्या वस्तीत हा शब्द कोणी पऱ्हाटीला लावला असता तर बायांनी त्याला येड्यात काढलं असतं.

वलगावच्या पलीकडे आमचं गाव. गावात काळी जमीन पुष्कळ, आमच्या वस्तीतल्या कोणाच्या नावावर मात्र ढेकूळ नाही. उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटचा कापूस वेचून संपला, की वस्तीतल्या बाया शेतात उतरायच्या. उभी पऱ्हाटी उपटायची, शेत मोकळं करून द्यायचं, आणि उपटलेली पऱ्हाटी घरी न्यायची. जी उपटेल तिची पऱ्हाटी. मालक मजुरी देत नसे, बाई मागत नसे. हा रिवाज कोणी लिहिला नाही, पण कोणी मोडलाही नव्हता. मी शाळेतून आल्यावर मायसोबत उपटायला जायची. तळहात सोलून निघायचे. घरामागे ढीग रचून झाला की माय त्याच्याकडे असं पाहायची, जसं दुसरी कोणी भरल्या कणगीकडे पाहील. पावसाळ्यात काय जाळायचं हा घोर मिटलेला असायचा.

मी चुलीची आरती ओवाळत नाही. धूर खरा आहे. मायचे डोळे त्या धुराने खराब झाले, पहाटेचा खोकला त्याचाच आहे. गॅसची शेगडी आमच्याही घरी आहे, पण टाकी महाग, म्हणून पाहुणा आला की चहापुरती पेटते. पण धूर मायचा शौक नव्हता. आणि कंपनी तिचा धूर कमी करायला निघाली नव्हती. तिला मायचं सरपण पाहिजे होतं.

मॅडम घरी आल्या होत्या तेव्हा सोबत फोटोवाला होता. मायनं अंगण सारवलं होतं. गॅसवर चहा केला, नवे कप शेजारून मागून आणले. मॅडम खाटेवर बसल्या. कप हातात घेतला, खाली ठेवला. उठेपर्यंत त्यावर साय धरली होती. माय म्हणाली, "गोड झाला अशीन." तिला ठाऊक होतं गोड झाला नव्हता. मलाही ठाऊक होतं. फोटोवाल्याने गॅस बाजूला सरकवायला लावला, मायला चुलीपुढे बसवलं आणि सांगितलं, फुंका. ती बिचारी विझल्या चुलीत फुंकत राहिली. मग त्यानेच काडी लावली.

हॉलमधल्या त्या दिवसानंतर मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, तो फोटो काढा. त्या म्हणाल्या, "अगं, इमोशनल नको होऊस. गोष्टीला चेहरा लागतो. आणि तुझीच आई आहे, अभिमान वाटायला हवा." मग म्हणाल्या, "गावात आता तूच बोलायचं. तुमच्या त्या भाषेत. लोकांना आपलं वाटतं."

याच मॅडमनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, 'मले' म्हणू नकोस, लोकांपुढे कसं वाटतं. मी घोटून घोटून 'मला' शिकले होते. एकटी असतानाही 'मला'च म्हणायची.

मी परत येऊन लॅपटॉपपुढे बसले. करार मार्चला संपत होता. वस्तीतून शिकून कंपनीत लागलेली मी पहिली. अकोल्याची खोली सोडून परत कोणत्या तोंडाने जाणार? संताप यायचा आणि मी पुढची स्लाइड करायला घ्यायची. रोज सकाळी गेटवर अंगठा लावायची तेव्हा वाटायचं, आपणच आपल्याला आत कोंडून घेतोय.

गावात सभा ठेवली. शाळेची खोली, खिडक्यांना सतरंज्या टांगून अंधार केलेला. पुढे खुर्च्यांवर जमिनीवाले. मागे खाली वस्तीतल्या बाया. माय धुतलेलं ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. तिने घरोघर सांगितलं होतं, "माहा फोटो लागणार हाये मोठ्या पडद्यावर."

फोटो लागला. बाया टाळ्या पिटायला लागल्या. शेजारची काकू ओरडली, "अव बाई, तुहाच हाये व!" माय लाजली. लहान पोरीसारखी पदरात तोंड घेऊन हसली. खुर्च्यांवरच्या लोकांनी खालची ओळ वाचली होती. तेही हसत होते, पण वेगळं.

मायला वाचता येत नाही. तिने मागून मोठ्याने विचारलं, "माह्या खाली काय लिवलं व, पोरी?"

खुर्च्यांवरचे मागे वळून पाहायला लागले. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "सांग काहीतरी. कष्टकरी माता वगैरे. आणि नेक्स्ट."

बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर सगळं निभावलं असतं. माय आनंदात घरी गेली असती. खुर्चीवरचे लोक जन्मभर हसले असते आणि तिला कधी कळलं नसतं का हसतात. तिची पोरगी त्यांच्यातली एक झाली असती. मला त्या क्षणी मॅडमपेक्षा माझ्या बोटाची किळस आली.

मी माईक तोंडाजवळ घेतला. "माय, लिवलं हाये का, समस्या. अज्ञानातून होणारं प्रदूषण. म्हंजे तू अडाणी हायेस अन् तुह्यामुळं हवा खराब होऊन राह्यली."

मॅडमनी माईककडे हात केला. मी तो दुसऱ्या हातात घेतला.

"अन् इलाज असा लिवला हाये का आपली पऱ्हाटी आता कंपनी नेईन. तीच पऱ्हाटी. तुह्या चुलीत जळली तं घाण, त्यायच्या बॉयलरात जळली तं हिरवी. मंग तू काय जाळशीन, हे कोठीच लिवलं नाई."

मॅडमनी वायर उपटली. माईक मेला.

 मायनं पदर कपाळावर ओढला, उठली आणि बायांच्या मधून वाट काढत निघून गेली. मी तिला खरं सांगितलं आणि साऱ्या गावासमोर तिची मान खाली गेली. दोन्ही गोष्टी माझ्याच हातून झाल्या.

घरी गेले तर ती चुलीपुढे बसलेली. चूल पेटवली नव्हती. म्हणाली, "खोटं सांगतलं असतं तं काय बिघडलं असतं? मी खुश होती ना."



कंपनीनं मला लगेच काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. मायचा तो फोटो आता ओळीसकट कंपनीच्या गेटवरही लागला होता. मॅडमनी सांगितलं, आई आणि मुलगी मिळून एक छोटा व्हिडिओ करा. गैरसमज झाला, आम्हाला प्रकल्प मान्य आहे, एवढं बोला, करार पुढे चालू. जमिनीवाल्यांना पऱ्हाटीचे पैसे कंपनी देणार होती. त्यांनी मायला निरोप धाडला, पोरीला समजव, नाहीतर आमच्या वावरात पाय ठेवू नको. वस्तीतले म्हातारे म्हणाले, पाण्यात राहून मगरीशी वैर कशाला. आणि माय म्हणाली, "करून टाक बाई. नोकरी हाये तं मान हाये. माही काय, गेली तं गेली." सगळ्या बाजूंनी भिंत होती, आणि त्यातली एक भिंत माझी माय होती.

मी हो म्हणाले. खरंच म्हणाले.

मॅडम आल्या. तोच फोटोवाला, तीच खाट. मायनं पुन्हा चहा केला, तो पुन्हा तसाच राहिला. फोटोवाल्याने यावेळी चूल विझवायला लावली आणि मायच्या मांडीवर आंब्याचं रोप ठेवलं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "आजी, आधी फुंकणी घ्या जरा हातात. नंतर ती बाजूला टाका. छान दिसेल." मायनं मुकाट्यानं हात लांबवला. सवयीने. कोणी साहेब काही सांगतो आणि आपला हात लांबतो, त्या सवयीने.

मी तिच्या हातून फुंकणी काढून घेतली.

"नाई," मी म्हणाले. "मॅडम, मले हा व्हिडिओ नाई करायचा. आधी तो फोटो उतरवा. मंग बोलू."

"विचार कर," मॅडम म्हणाल्या. "तुझ्यासारख्या पन्नास मिळतील."

"मियतीन. त्यायलेबी मी सांगीन, खाली काय लिवलं हाये ते."

करार पुढे गेला नाही. खोली सोडून गावी आले. मायला वावरात कोणी बोलवत नाही, आणि ती माझ्याशी कामापुरतं बोलते. फोटो अजून कंपनीच्या गेटवर आहे, ओळीसकट. यंदाच्या उलंगवाडीला वस्तीतल्या थोड्या बाया म्हणाल्या, उपटू तर आमची पऱ्हाटी घेऊनच जाऊ, नाहीतर हात लावणार नाही. सगळ्यांनी तसं म्हटलं नाही. माय त्यांच्यात नाही.

मोजा, खुशाल मोजा कार्बन. मोजलाच पाहिजे. मी तर म्हणते मायची चूलही मोजा, तिचा खोकलाही मोजा, आणि तुम्ही उचलून नेलेलं तिचं सरपणही मोजा. पण तिला पडद्यावर टांगून स्वतः हिरवे होऊ नका. मी दर आठवड्याला त्या गेटवर जाऊन उभी राहते. येणारा-जाणारा विचारतो, ही बाई कोण. मी सांगते, माझी माय आहे, आणि खालची ओळ खोटी आहे. वॉचमन हाकलतो. मी पुन्हा जाते. 'नेक्स्ट' कोणीही म्हणो, बोट माझं आहे. ते आता बटण दाबणार नाही.