बॉलला पाय लागला

मंडळी, आज भोरला मुलींच्या सॉफ्टबॉल मॅचला मी अंपायर होते.

पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे पळणाऱ्या मार्गासनी गावच्या पोरीच्या पायाला तिच्याच मैत्रिणीनं मारलेला बॉल लागला. पोरगी थांबली, वाकली आणि बॉलला हात लावून चक्क नमस्कार केला. पाय लागला ना!

मी आऊट दिलं.

"मॅडम, म्या काय मुद्दाम न्हाई लावला पाय!" ती रडवेली झाली.

मुद्दामचा प्रश्नच नसतो. बेस सोडलेला असताना, फिल्डरपर्यंत पोचायच्या आधीच बॉल लागला, की पळणारी आऊट. मारणारीला मात्र पहिला बेस मिळतो.

ती मारणारी बेसवर उभी राहून मैत्रिणीला बाहेर जाताना बघत होती. माझी नजर तिच्यावरून हलेना.

शाळेत असताना मी मारलेला बॉल आंबवड्याच्या मंगलला असाच लागला होता. तिनंही असाच नमस्कार केला होता. मी बेसवर, ती बाहेर. आमची ती शेवटची मॅच. दहावीनंतर तिचं लग्न झालं, मी कॉलेजला गेले. पुन्हा भेटच नाही.

तिकडच्या कुणाला ती आता कुठं असते माहीत आहे का? तिला एवढंच सांगा, आऊट त्या डावापुरतंच असतं गं.