मामांचा उलटा हात

विजेला घाबरणारा वायरमन अख्ख्या सुरतेत एकच आहे आणि तो आमच्या वाट्याला आला आहे. आमचे मामा पंचवीस वर्षं उधन्याच्या लूम कारखान्यांत वायरिंग करतात, पण त्यांचा घरातल्या स्टीलच्या पेल्यावरसुद्धा विश्वास नाही. कुठलीही वस्तू ते आधी उलट्या हाताने चाचपतात. "सुलटा हात लावला नि करंट असला, तर मूठ मिटते, मग सुटत नाही. उलटा हात झटक्यासरशी मागे येतो," हे त्यांचं शास्त्र. तरुणपणी त्यांचा जोडीदार त्यांच्या डोळ्यांदेखत मशीनला चिकटला तो सुटलाच नाही. तेव्हापासूनची ही खोड. हे ठाऊक असल्यामुळे आम्ही हसू आवरतो. पण माणसाने देवळातली घंटा, शेजारच्या पटेलकाकांचा नवा फ्रिज आणि बारशाच्या दिवशी पाळण्यातला माझा मुलगाही उलट्या हाताने तपासला, तर आवरायचं तरी किती? पोरगं भोकाड पसरून रडलं तेव्हा मामा समाधानाने म्हणाले, "अर्थिंग बरोबर शे."

त्यांच्या मुलीचं, ज्योतीचं, लग्न मात्र या हातापायी मोडता मोडता राहिलं. चलथाणचा मुलगा तिला मनापासून आवडला होता. बोलणी करायला निघताना मामीने मामांच्या खिशातला टेस्टर काढून घेतला आणि "आज हात जागेवर ठेवा," असं बजावलं. तिकडे मुलाच्या वडिलांनी स्वतः उठून आपली लोखंडी खुर्ची मामांना देऊ केली. मामांनी तिच्या पाठीला उलटा हात लावला आणि असा झटकला की माझा चहा माझ्याच सदऱ्यावर आला.

"खुर्चीमा करंट शे. मी बसाव नही."

मुलाच्या वडिलांचा चेहरा लालबुंद. "आमनी खुर्चीले काय हुयनं? मी सकायपाईन तिठेच बसेल व्हतू!"

मामीने कपाळाला हात लावला. घरी ज्योती फोनकडे डोळे लावून बसली होती. मामांनी मात्र मामीच्याच पिशवीत लपवून आणलेला, दोन वायरी जोडलेला बल्ब काढला, एक टोक खुर्चीला, दुसरं नळाच्या लोखंडी पाइपाला लावलं आणि भर दुपारी बल्ब लख्ख पेटला. कूलरची वायर खुर्चीच्या पायाखाली चेंगरली होती. रबरी चपलांनीच त्या गृहस्थांना तारलं होतं. ते बल्बकडे पाहत मुंग्या आलेली पाठ चोळू लागले.

"मंग मी आठ दिन वातनी गोळी कसाले खाई ऱ्हायनू?"

हसण्यात लग्न ठरून गेलं.

पाठवणीच्या वेळी ज्योती पाया पडली. सवयीने मामांचा उलटा हात तिच्या गालाशी गेला आणि तिथेच थांबला. मला त्यांच्यावर हसण्याची तेवढी एकदाच लाज वाटली. मग त्यांनी तो हात सावकाश सुलटा केला आणि तिचा हात धरला. गाडीवाल्याने चारदा हॉर्न दिला, मामीने हाका मारल्या. मामांची मूठ काही सुटेना.