दुसऱ्या खाटेच्या कागदावर कोणाचं नाव लिहू?

मैत्रिणींनो, ड्यूटी कधीच संपली, तरी मी अजून आयसीयूतच बसून आहे.

सकाळी वीज गेली, पुराचं पाणी जनरेटरमध्ये शिरलं आणि दोन्ही व्हेंटिलेटर बंद पडले. पेशंट दोन, सिस्टर मी एकटी. माझ्या जागी येणारी सक्करदऱ्यात पाण्यात अडकलेली. अंबू बॅग हातानं दाबून श्वास देता येतो, पण एका वेळी एकालाच.

दुसऱ्या पेशंटची मुलगी दारातून म्हणाली, "सिस्टर, मले शिकवा. मी दाबते."

नियमानं नातेवाइकाच्या हाती ती बॅग देता येत नाही. मी दिली. मी आकडे मोजत होते, ती दाबत होती. दोन तास.

वीज आली. दुपारी तिचे बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलं होतं.

आता मेट्रन म्हणतात, "बॅग कोणी दाबली तिथं दोन्ही कागदांवर तुहंच नाव टाक वं, नाहीतर चौकशी लागंल." एकाच वेळी दोन खाटांवर मी कशी असणार? खोटं लिहिलं तर मी पकडली जाणार. खरं लिहिलं तर त्या पोरीचा जबाब घेणार.

जाताना सुजलेली बोटं चोळत तिनं विचारलं, "सिस्टर, माह्या हातून काही चुकलं तर नाही ना?"

"नाही," म्हटलं मी. आता तेच कागदावर कसं लिहू, सांगा.