पिवळ्या झाकणाचा डबा

करमाळ्याच्या एसटी स्टँडसमोर आमची खानावळ आहे. आम्ही निघालो त्या सकाळी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती बंद ठेवली होती. आमची खानावळ बंद म्हणजे घरात कुणीतरी दगावलं, अशी स्टँडवरची समजूत. त्यामुळे ओळखीचे ड्रायव्हर-कंडक्टर एकेक करून चेहरा पाडून विचारायला येत होते, "आण्णा, कोण गेलं?" आण्णा प्रत्येकाला सांगत होते, "गेलं नाही रे बाबा, जातंय. पोरगा आन् सूनबाई. हॉलंडला."

आईने दशम्या आणि शेंगाचटणीचा डबा भरला होता. तो माझ्या बायकोच्या, मेघाच्या हातात देताना आण्णा म्हणाले, "पोरी, तिकडं कुणाचा डबा आपल्याकडं आला, तर रिकामा परत करू नको. चिमूटभर साखर का होईना, घालून दे." मेघाचे डोळे भरून आले. मी पासपोर्ट पुन्हा पुन्हा चाचपत होतो, त्यामुळे मला रडायला सवड नव्हती.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हॉलंडमधल्या टिलबर्ग गावच्या कंपनीत गोदामांचं सॉफ्टवेअर बनवायचं काम मिळालं, तेव्हा आण्णांनी स्टँडवर पेढे वाटले होते. आम्ही इथे पोचलो, घर लावलं, दोन जुन्या सायकली घेतल्या आणि कोरोनाने जग बंद झालं. माझं काही अडलं नाही. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला आणि ऑफिस सुरू झालं. मेघाचं मात्र सगळंच अडलं. करमाळ्यात भाजी आणायला निघाली तरी दहा जणींशी बोलून परतणारी बाई, इथे दिवसभर हेडफोन लावलेल्या नवऱ्याकडे बघत बसायची. हळूहळू तिची अन्नावरची वासना उडाली. आणि एकदा चहा गाळता गाळता ती म्हणाली, "अहो, विमानं नीट सुरू झाली की मी जाते."

आपल्याकडे उंबऱ्यातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. ती 'जाते' म्हणाली, तेही शांतपणे.

त्या थंडीत हॉटेलांत बसून जेवायला बंदी होती, फक्त पार्सल मिळायचं. आमच्या घरापासून सायकलवर जवळच एक जमैकन रेस्टॉरंट होतं. फोनवर मेन्यू बघताना मेघा एकदम म्हणाली, "बोकडाचं मटण, रस्सा, राजमा घातलेला भात. अहो, हे तर आपलंच की!" कितीतरी आठवड्यांनी तिने काही खायचं नाव काढलं होतं. मी लगेच ऑर्डर दिली.

तिथला अनुभव मात्र विचारू नका. पहिल्या वेळी थंडीत ताटकळल्यावर मटणाऐवजी चिकन मिळालं, तेही गार. दुसऱ्यांदा रस्सा मिळाला, पण डब्यावर नाव यान नावाच्या कुणा गिऱ्हाइकाचं, आणि मागवलेली तळलेली केळी गायब. तिसऱ्यांदा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. पुण्याचा माझा एक सहकारी म्हणाला, "अरे, एक स्टार दे ठोकून! लोक सावध तरी होतील." पण खानावळीतल्या पोराची बोटं त्या एका स्टारवर जाईनात. आण्णा म्हणायचे, "नाराज गिऱ्हाईक दारातच गाठावं. ते घरी पोचलं की गावभर होतं." शिवाय त्या यानच्या डब्यातला रस्सा मेघाने बोटाने निपटून खाल्ला होता. त्या हाताला चव होती. बाकी सगळ्याची बोंब होती.

चौथ्यांदा मटण बरोबर आलं, पण केळ्यांच्या जागी मक्याच्या पिठाच्या गोड, पिवळ्या पुडिंगचा तुकडा आला. डबे प्लास्टिकचे, पिवळ्या झाकणाचे. ते धुऊन दुकानाबाहेरच्या पेटीत ठेवा, अशी त्यांची विनंती असायची. मी डबा विसळला आणि निघालो, तर मेघा म्हणाली, "थांबा. रिकामा नेताय का?" सकाळी तिने शिरा केला होता. तो डब्यात भरला, वर वेलची भुरभुरली आणि झाकण लावलं. मी डबा पेटीत ठेवून आलो. अंतर पाळायचे दिवस ते, सांगायला आत कोण जाणार?

डब्यावर आमच्या ऑर्डरची चिठ्ठी तशीच होती. तासाभरात फोन आला. पलीकडे एक वयस्क, दमलेला, पण खणखणीत इंग्रजी आवाज.

"मी पर्ल. रेस्टॉरंटची मालकीण. आजवर लोकांनी ओरडून तक्रारी केल्या, लिहून केल्या. पण माझं पुडिंग कुस्करून, डब्यात भरून दारात आणून ठेवणारे तुम्ही पहिले!"

मी घाबरून फोन मेघाकडे दिला. मेघाचं इंग्रजी पुस्तकी, पण स्वच्छ. ती म्हणाली, "मॅडम, ते तुमचं नाही, आमचं आहे. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. एक चमचा खाऊन बघा."

पलीकडे चमचा वाजला. मग आवाज बदलला. "यात वेलची आहे. आणि लोणी."

"तूप," मेघा म्हणाली.

"मी इतकं वाईट खायला घातलं, तरी तुम्ही मला गोड पाठवलंत?" पर्ल हसायला लागली, आणि हसता हसता रडतेय की काय असं वाटलं. मग तिने सगळं सांगितलं. गिऱ्हाईक, फोन, डबे हे सगळं तिची बहीण बघायची. ती जमैकाला गेली आणि विमानं थांबल्यामुळे तिथेच अडकली. "मी एकटी रांधते, एकटी फोन घेते, आणि दोन्हींत चुकते. परवा एकाला नुसताच भात गेला. तो बिचारा फोन करून विचारत होता, यावर काय घालून खायचं?"

मेघा खळखळून हसली. टिलबर्गच्या त्या घरात तिचं असं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती सायकल काढून गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. थोड्या दिवसांत पर्लने तिला रीतसर कामावर घेतलं. लग्नानंतर काही महिने मेघा आमच्या खानावळीच्या गल्ल्याजवळ उभी राहायची. तिथे आण्णांचं बघून जे शिकली होती, ते तिने टिलबर्गच्या पार्सल-खिडकीत मांडलं. डबा बंद करण्याआधी उघडून बघायचा. नाव मोठ्याने वाचायचं. आणि मागच्या वेळी नाराज गेलेला माणूस दिसला की आधी त्याच्याकडे वळायचं. डच माणूस पोटात काही ठेवत नाही. एक उंच आजोबा मास्कमधून म्हणाले, "मागच्या आठवड्यात गार होतं. फक्त सांगतोय." मेघाने नुकत्याच शिकलेल्या डचमध्ये माफी मागितली आणि त्यांच्या पिशवीत गरम केळी जास्तीची घातली. आजोबा दारापर्यंत गेले, परत फिरले आणि म्हणाले, "आज तक्रार नाही. हेही फक्त सांगतोय."

तिकडे करमाळ्यात आण्णांची चूल त्या काळात थंडच होती. व्हिडिओ कॉलवर ते आमच्या तब्येती नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "तुमच्या पर्लबाईचा धंदा कसा चाललाय?" चांगला चाललाय म्हटलं की स्वतःचं दुकान उघडल्यासारखे खूश व्हायचे.

मग विमानं सुरू झाली. मी मनाचा हिय्या करून मेघाला विचारलं, "तिकीट बघू का तुझं?"

ती पोळी उलटत होती. "आता? शनिवारी केवढ्या ऑर्डरी आहेत! पर्ल एकटी काय करील?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दोघं मिळून जाऊन येऊ. सावकाश."

'जाऊन येऊ' म्हणाली. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या वर्षीच्या थंडीत, पर्लची बहीण परत आल्यावर, आम्ही करमाळ्याला जाऊन आलो. पर्लने पिवळ्या झाकणाच्या डब्यात पुडिंग दिलं होतं. आण्णांनी एक घास खाल्ला, डोळे मिटून चव घेतली आणि आईला म्हणाले, "शिराच हाय. जरा घट्ट झालाय, पण हात चांगला हाय बाईचा." खानावळ पुन्हा सुरू झाली होती. त्यांनी दुपारच्या गर्दीत प्रत्येक ताटाला त्याचा एकेक कण वाढला.

गावाकडची माणसं विचारतात, 'कायमचं घरी कधी येणार?' इथले आपले लोक विचारतात, 'घर कधी घेणार?' दोघांनाही मी नीट उत्तर देऊ शकत नाही. मी निघालो तेव्हा घर एकाच टोकाला होतं, पाठीमागे. आता डबा तिकडून इकडे येतो आणि इकडून तिकडे जातो, आणि दोन्हीकडे कुणीतरी तो उघडून बघायला उभं असतं. मला तेवढं पुरतं.

निघताना आण्णांनी तो डबा धुऊन, पुसून, शेंगाचटणीने गच्च भरून मेघाला दिला. टिलबर्गला पोचल्यावर आम्ही आधी पर्लकडे गेलो. तिने झाकण उघडलं, आत बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि मेघाला लटकंच दटावून विचारलं,

"आता काय चुकलं होतं माझ्या पुडिंगमध्ये?"